अम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, आधी आणि नंतर काय काय सांभाळायचं?

धोटा
नमस्कार मंडळी. अम्माच्या (आईच्या) दोन्ही गुडघ्यांची पार वाट लागलीये. वय ६६. सगळं आयुष्य मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेलं. उजवा गुडघा इतका वाकडा झालाय की चालताना पाय बाहेर फेकल्यासारखा पडतो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले की आता गोळ्या-इंजेक्शनचं काम राहिलं नाही, गुडघा बदलावा लागेल. आधी उजवा, डाव्याचं नंतर बघू.

तारीख गड्ड्यानंतरची (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेनंतरची) मागून घेतली. नंदीध्वज बघितल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही, असं अम्मानं डॉक्टरांनाच सांगितलं! ते हसले आणि हो म्हणाले.

अडचणी अशा. तिला शुगर आहे, बीपी आहे, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लागते. घर सोलापूरच्या पूर्व भागात, जुनं. संडास भारतीय पद्धतीचा, दाराला उंच उंबरठा, मोरीची फरशी गुळगुळीत, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत असल्यामुळे पिंप-घागरींनी बोळ भरलेला. भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, इकडे आणा, मोठ्या हॉस्पिटलात करू. नायना (वडील) म्हणतात, गाव सोडून कुठं जायचं नाही.

ज्यांच्या घरी झालंय त्यांनी लिहा प्लीज. डॉक्टर सांगतात ते पाच मिनिटांत सांगतात, घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात.

सातरस्ता
ताई, आमच्या हिचे दोन्ही गुडघे झालेत, एक-एक करून, दोन्ही सोलापुरातच. पुणे की सोलापूर यावर आमच्याकडेही महाभारत झालं होतं. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदाच होणारा साधा गुडघा असेल, हृदय-किडनीची मोठी भानगड नसेल, आणि डॉक्टर हे ऑपरेशन नेहमी करणारा असेल, तर गावातच करा. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं. पण टाके काढायला जायचं, जखम बघायला जायचं, पाय सुजला की दाखवायला जायचं. अडीचशे किलोमीटरवर डॉक्टर असला की माणूस "बघू उद्या" करत बसतो, आणि फोनवर फोटो पाठवून जखम कळत नाही. आधी बसवलेला सांधा पुन्हा काढून बदलायचा असेल, किंवा हृदयाचं मोठं दुखणं असेल, तर मात्र पुण्याचा विचार करा.

डॉक्टरला विचारायला लाजू नका: तुम्ही महिन्याला किती गुडघे करता? आयसीयू इथंच आहे का? रात्री काही झालं तर कोण बघणार? नीट उत्तर देणारा डॉक्टर रागावत नाही.

आता घराचं. कमोड खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणा, नंतर नाही. वैद्यकीय सामानाच्या दुकानात भाड्यानेही मिळते. आणल्यावर अम्मांना त्यावर बसवून बघा. पाय अधांतरी राहिले तर उंची कमी करा, गुडघे पोटाकडे येत असतील तर वाढवा. पलंग असा हवा की कडेला बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील. आमचा पलंग बुटका होता, सुतारानं चार पायांखाली लाकडी ठोकळे बसवून दिले.

पाण्याची पिंपं हलवा, हे सगळ्यात आधी. वॉकरला जेवढी रुंदी लागते तेवढी वाट पलंगापासून मोरीपर्यंत मोकळी हवी. आणि पाणी यायच्या दिवशी, म्हणजे सगळं घर पाईप घेऊन पळत असतं तेव्हा, अम्मा पलंगावरच. ओल्या फरशीवर वॉकरची रबरं सटकतात.

कडकभाकरी
काका लई बरोबर बोलले. आमच्या मामीचा दुसऱ्या आठवड्यात मोरीत पाय घसरला होता, नशीब म्हणून भिंतीचा आधार सापडला. तेव्हापासनं मोरीत रबरी मॅट आणि भिंतीला स्टीलचा दांडा. टॉवेलचा दांडा नव्हे बरं का, तो हातात येतो. भिंतीत बोल्ट मारून पक्का बसवलेला.

बाकी खायच्या बाबतीत विचारायचं असलं तर मी हाय इथं 🙂

भुलीचा_डॉक्टर
मी भूलतज्ज्ञ आहे. तुमच्या अम्मांना बघितलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं त्यांच्या डॉक्टरांना विचारून पक्कं करा. पण विचारायचं काय, हे माहीत असलेलं बरं.

मिश्रीपासून सुरुवात करतो, कारण विडी-सिगारेटचं सगळे सांगतात आणि मिश्रीचं कुणी सांगत नाही. पेशंटला विचारलं, "तंबाखू?" तर "छे, छे!" आणि हिरड्या काळ्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, जखमेला रक्त कमी पोहोचतं, जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची शक्यता वाढते. निदान चार आठवडे आधी बंद हवी, आणि नंतरही जखम पूर्ण भरेपर्यंत. तारीख गड्ड्यानंतरची आहे ना, मग आजच डबी उचला. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही.

शुगर. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. बहुतेक सर्जन तो ८ च्या आत मागतात, काही जण ७.५ च्या. शुगर जास्त असेल तर तारीख पुढे ढकलणं हाच शहाणपणा, कारण बदललेल्या सांध्यात जंतू शिरले तर ते धातूवर घट्ट बसतात आणि नुसत्या गोळ्यांनी जात नाहीत, पुन्हा उघडावं लागतं. याच कारणासाठी दात तपासून घ्या. किडकी दाढ, सुजलेली हिरडी, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधली चिखली, टाचेच्या भेगेतला पू, हे सगळं आधी बरं करायचं. आणि मधल्या काळात कुणी म्हणालं की "तोवर गुडघ्यात एक इंजेक्शन मारून घेऊ", तर नको म्हणा. स्टिरॉइडच्या इंजेक्शननंतर साधारण तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर संसर्गाचा धोका वाढतो.

गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जा. यादी नको, पिशवीच. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल वाढतं आणि शुगर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून ते लक्षात यायला उशीर होतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती कधी थांबवायची हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. स्टेंट असलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं क्लोपिडोग्रेल बंद केली तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. बीपीच्या गोळ्यांपैकी कुठल्या त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि कुठल्या नाही, तेही विचारा. आणि काढे, पुड्या, "नावाची माहिती नाही पण गुडघ्याला लई गुण येतो" असल्या काळ्या गोळ्या, सगळं सांगा. त्यात कधीकधी स्टिरॉइड निघतं, आणि ते एकाएकी बंद झालं तर टेबलावर बीपी कोसळतं.

उपास: जेवण सहा तास आधी बंद. तळलेलं, जड असेल तर आठ. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या हॉस्पिटलानं वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. आपल्याकडे घोळ चहात होतो. दुधाचा चहा जेवणात मोजायचा, पाण्यात नाही. सकाळी सातला "नुसता अर्धा कप" घेतला म्हणून ऑपरेशन दुपारवर गेलेली माणसं मी आठवड्याला बघतो.

घरी पायाचे केस ब्लेडनं काढू नका. बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू वाढतात. काढायचे असतील तर तिथं मशीननं काढतात. जोडवी, बांगड्या, नेलपेंट घरीच उतरवा. संक्रांतीला हातावर मेंदी काढली तर निदान एक-दोन बोटांची नखं मोकळी ठेवा, ऑक्सिजन मोजायचा चिमटा तिथं लावतात.

धोटा
डॉक्टर, खूप खूप आभार. डबी उचलली. घरात युद्ध पेटलंय.

चालती_फिरती
मी फिजिओ. वीस वर्षं पूर्व भागातल्या घरांमधून फिरतेय, त्यामुळे मोरी, पिंप, उंबरठा सगळं डोळ्यांसमोर आलं.

व्यायाम ऑपरेशनच्या आधीच सुरू करा. दुखरा गुडघा आहे म्हणून बायका पाय जपतात आणि मांडीचा पुढचा स्नायू वाळून जातो. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबायचा, मांडी घट्ट करायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवायचा. हातांचंही करा. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा सराव हवा, कारण पहिले काही दिवस शरीराचा निम्मा भार वॉकर धरलेल्या हातांवर येतो. वॉकरही आधी आणा आणि चालवून बघा. ऑपरेशननंतर भुलीच्या गुंगीत नवीन यंत्र शिकवणं म्हणजे पेशंटला आणि आम्हालाही शिक्षा.

आता मुख्य. ऑपरेशननंतर गुडघा वाकतो किती, याचीच सगळ्यांना काळजी. तो सरळ होतो का, हे कुणी बघत नाही. दुखतं म्हणून घरचे प्रेमानं गुडघ्याखाली उशी देतात. पेशंटला बरं वाटतं, गुडघा त्याच किंचित वाकलेल्या स्थितीत राहतो आणि काही आठवड्यांत तसाच आखडतो. मग चालताना लंगडणं कायमचं. उशी गुडघ्याखाली कधीही नाही. आपल्या घरात सोलापुरी चादर असतेच, ती घट्ट गुंडाळी करून टाचेखाली द्या, गुडघा मधे मोकळा लोंबू दे. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. चादर जाड असते, दबत नाही, उशीपेक्षा कितीतरी बरी. दुखेल. तेवढं दुखणं सोसायचं.

वाकवण्यासाठी: पलंगावर टाचेखाली प्लास्टिकची कॅरीबॅग ठेवा, पाय सरकतो. दोन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत आला तर छान. पुढे दीड-दोन महिन्यांत ११० च्या आसपास. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखायची गोळी घ्यायची, नंतर नव्हे. गोळ्या कमी खाल्ल्या तर लवकर बरं होतं, असा बऱ्याच बायकांचा समज असतो. उलट, दुखतं म्हणून व्यायाम होत नाही आणि गुडघा आखडतो.

व्यायाम झाला की बर्फ. पिशवी टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. थेट कातडीवर नाही, शुगरवाल्यांना तर अजिबात नाही, त्यांना चटका कळत नाही.

पायरी: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. उंबरठ्यालाही तेच. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. सगळे उलट धरतात.

कडकभाकरी
मॅडम, आमच्या मामीला मी तीन वेळा सांगितलं काठी दुसऱ्या हातात धरा म्हणून, तर म्हणली "तू डॉक्टर हायस का बे?" आता हे वाचून दाखवतो.

खाण्याचं सांगतो. पायाचं सूप प्यायलं की हाडं जुळतात, असं आपल्याकडं घराघरात. पाया प्यायला मी ना म्हणत नाही, मी स्वतः दोन वाट्या पितो. पण जखम भरायला प्रथिनं लागतात ती डाळ, अंडी, चिकन, मासे, दूध-दही यातनं. आमच्या मामी शाकाहारी, तर रोज दोन वेळा घट्ट डाळ, मटकीची उसळ, दही, आणि भाकरीबरोबर शेंगाचटणी. शेंगाचटणीत प्रथिनं हायेत हे खरं, पण वाटीभर खाऊन बीपी चढवू नका, मीठ-तिखट बघा.

दुसरं, पोट. दुखायच्या काही गोळ्यांनी पोट अगदी दगड होतं. कमोडवर बसून जोर करायला लागला की टाके ओढतात, जीव घाबरा होतो. पहिल्या दिवसापासनं पाणी, पेरू-पपई, रात्री इसबगोल. किडनीचा त्रास असला तर पाणी किती ते डॉक्टरला विचारा.

निसर्गमित्र५५
एवढी काटछाट करायची गरजच काय? आमच्या ओळखीत एक जण तेल आणि लेप लावतात. गुडघे ठणठणीत होतात. ऑपरेशननंतरसुद्धा तेलानं मालिश केली तर सूज लवकर उतरते. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत.

चालती_फिरती
नाही. जखमेवर किंवा जखमेच्या आसपास तेल, हळद, लेप, काहीही लावायचं नाही. आणि ऑपरेशननंतर पोटरी चोळायची तर अजिबात नाही. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याने माणूस जातो.

ऑपरेशन टाळता येत असेल तर टाळावंच, ते मी रोज सांगते. वजन, मांडीचे व्यायाम, खाली बसणं बंद, यावर कितीतरी गुडघे वर्षानुवर्षं चालतात. पण पाय वाकडा झालेला, रात्री झोप नाही, मोरीपर्यंत जाता येत नाही, त्या गुडघ्याला लेपाचा उपयोग नाही.

हिशेबनीस
पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल किंमत ठरली, त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. नंतर आकडा थोडा बदलला असेल, पण मर्यादा आहे. बिलात सांध्याची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर (कंपनी, बॅच नंबर) डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. उद्या कधी पुन्हा उघडायची वेळ आली तर आत काय बसवलंय हे त्यावरूनच कळतं. "परदेशी, तीस वर्षं टिकणारा" असं म्हणून कुणी भरमसाट आकडा सांगितला तर दुसरीकडेही विचारा.

महात्मा फुले जनआरोग्य योजना बघा. राजीव गांधी जीवनदायी म्हणून २ जुलै २०१२ ला ती पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण कुठलं ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलात बसतं हे आधी विचारावं लागतं, भरती झाल्यावर नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते घरीच बघा. आमच्याकडे एका अक्षराच्या फरकासाठी दोन ऑफिसांच्या चकरा झाल्या.

होटगीरोड
धाग्यात घुसतोय, माफ करा, पण घाई आहे. आज्जी (८१) सकाळी न्हाणीत पडली. उठता येत नाही, उजवा पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळल्यासारखा दिसतोय. शेजारचे म्हणतात खुब्याचं हाड असेल, हाडवैद्याला बोलवा, या वयात ऑपरेशन झेपत नाही. वर सगळे महिनाभर तयारी सांगताय. तिलाही आधी शुगर वगैरे आटोक्यात आणायची का?

भुलीचा_डॉक्टर
होटगीरोड, वरचं सगळं विसरा. ते ठरवून करायच्या ऑपरेशनचं आहे. तुमच्या वर्णनावरून खुबा मोडलाय असं धरून चाला. १०८ ला फोन करा. पाय ओढायचा नाही, चोळायचा नाही, आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंनी उशा लावून स्थिर ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका. सिव्हिल असो की खाजगी, जिथं हाडाचे डॉक्टर आणि ऑपरेशनची सोय आहे तिथं थेट न्या.

खुब्याच्या मोडीचं ऑपरेशन शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावं असं जगभर धरतात. ८१ व्या वर्षी ऑपरेशन झेपत नाही म्हणणाऱ्यांना विचारा, दीड-दोन महिने अंथरुणाला खिळणं झेपतं का? न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, रक्ताच्या गाठी होतात. शुगर-बीपी हॉस्पिटलात काही तासांत आटोक्यात आणतात, त्यासाठी आठवडा घालवत नाहीत.

होटगीरोड
सिव्हिलला आणलंय. खुबाच मोडलाय. उद्या सकाळी ऑपरेशन, अर्धा सांधा बदलणार म्हणाले. आज्जी रात्री खूप बडबडूलालीय, मला ओळखत नाहीये, आणि फक्त कानडीत बोलूलालीय. भीती वाटते.

भुलीचा_डॉक्टर
म्हाताऱ्या माणसांत असं होतं, मोडल्यावरही आणि ऑपरेशननंतरही. वेड नव्हे, बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतं. पण नर्सना आणि डॉक्टरांना लगेच सांगा. दुखणं, तुंबलेली लघवी, कमी ऑक्सिजन, बिघडलेली शुगर किंवा सोडियम यानंही होतं, आणि ते बघावं लागतं. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर घालून ठेवा. पिशवीत ठेवलं तर तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, गोंधळ वाढतो. घरातलं कानडी बोलणारं कुणीतरी उशाशी बसवा. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. हात बांधू देऊ नका.

आणि बरी झाल्यावर हाडं ठिसूळ झालीत का याचे उपचार मागा. एकदा खुबा मोडला की दुसरा मोडायची शक्यता वाढते, आणि टाके काढून माणूस घरी गेला की हे सगळे विसरतात.

चालती_फिरती
अर्धा सांधा बदलल्यावर आज्जींना मांडी घालणं, उकिडवं बसणं, बुटक्या पाटावर बसणं, पायावर पाय टाकणं बंद. कमरेतून ९० अंशांच्या पुढे वाकायचं नाही, झोपताना दोन पायांच्या मधे उशी. (हो, इथं उशी चालते, पण मधे.) किती आठवडे, ते सर्जन सांगतील, कोणत्या बाजूनं उघडलंय त्यावर आहे. कमोड खुर्ची गुडघ्यापेक्षाही खुब्याला जास्त गरजेची.

धोटा
सगळ्यांना कळवते, अम्माचं झालं. मणक्यातली भूल दिली होती, ती मधेच जागी होऊन नर्सबाईंशी तेलुगूत गप्पा मारत होती म्हणे. दुसऱ्याच दिवशी वॉकरवर उभी केली. घरी आलोय. दिवसा ठीक, रात्री रडते. "पैसे घालून दुखणं विकत घेतलं" असं म्हणते. गुडघा गरम लागतो, पोटरी-घोट्यापर्यंत सूज आहे, मांडीवर निळं-जांभळं झालंय, आणि जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं म्हणते. पोटात टोचायची इंजेक्शनं रोज सुरू आहेत. यातलं काय चालायचं आणि कशाला पळायचं?

सातरस्ता
ताई, रात्रीचं रडणं आमच्याकडेही होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर रात्री हळूहळू शांत होत जातात. हिनंसुद्धा मला लई शिव्या दिल्या, दुसरा गुडघा करायला मात्र स्वतःच गेली.

भुलीचा_डॉक्टर
गुडघा गरम लागणं, थोडी सूज, निळं-जांभळं होणं अपेक्षित आहे. सूज आणि कोमटपणा काही महिने राहू शकतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूचा बधिर पट्टा कातडीची बारीक नस कापली गेल्यामुळे असतो, हळूहळू कमी होतो, कधी थोडा राहतो. चालताना आतून "टक" आवाज आला तर घाबरू नका, धातूवर प्लास्टिक आहे.

पळायचं केव्हा: एकाच पायाची पोटरी अचानक फुगली, घट्ट झाली, दाबल्यावर खूप दुखली, तर त्याच दिवशी सर्जनकडे. श्वास लागला, छातीत दुखलं, खोकल्यात रक्त आलं, तर सर्जनला फोन करत बसू नका, १०८. जखम कोरडी झाल्यावर पुन्हा पाणी किंवा पू यायला लागला, लाली पसरत चालली, किंवा १०१ च्या पुढे ताप आला, तर लगेच दाखवा. अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका. वरून बरं दिसतं, आत धुमसत राहतं, आणि सर्जनला खरा जंतू सापडत नाही.

पोटातली इंजेक्शनं गाठ होऊ नये म्हणून असतात. सांगितलेला कोर्स पूर्ण करा, "आता चालतेय की" म्हणून बंद करू नका.

कडकभाकरी
आणि बघायला येणाऱ्यांना आवरा! आमच्या मामीला दिवसाला पंधरा माणसं. प्रत्येक जण पायाला हात लावून "इथं दुखतं का?" विचारणार, एक जण तर पट्टी वर करून बघत होता. दाराबाहेर पाटी लावली मी, "गुडघा झोपलाय".

धोटा
पाटी आम्हीही लावणार! टाके निघाले. जखम स्वच्छ आहे. गुडघा ९५ पर्यंत वाकतो, सरळ अजून पूर्ण होत नाही, टाचेखालची चादर सुरू आहे. मिश्री मागितली होती, नायनांनी चोरून दिली की काय कळत नाही, दात बघते रोज.

दोन प्रश्न. ऊन वाढलंय, मे महिन्यात आमचं पत्र्याचं घर भट्टी होतं, त्यात काय काळजी? आणि अम्मा विचारते, विड्यांना कधी बसू.

चालती_फिरती
उन्हात चालायचा व्यायाम पहाटे किंवा दिवेलागणीला. घाम खूप गेला आणि पाणी पोटात गेलं नाही तर चक्कर येते, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उभं राहायचं. जखमेवर घामोळं आलं तर पावडर मारू नका, सुती कापडानं टिपा. मागावरच्या मोकळ्या नऊवारीपेक्षा घरात गाऊन घालू दे, वॉकरमध्ये काठ अडकतो.

विड्यांचं: जमिनीवर मांडी घालून, नाही. आता नाही आणि नंतरही नाही. नवा गुडघा तेवढा वाकू शकला तरी त्याची झीज लवकर होते. पण काम सोडायला सांगितलं तर त्या माझं ऐकणार नाहीत, हे मला माहितेय. माझ्या दोन पेशंट खुर्चीवर बसून करतात. हात असलेली खुर्ची, समोर बुटकं टेबल, त्यावर सूप, पानं उजव्या हाताला. अर्ध्या तासानं उठून घरातल्या घरात चक्कर. पहिले दोन-अडीच महिने तेही नको. सुरुवातीला वेग निम्म्यावर येतो, मजुरी तेवढी बुडते, हे आधीच सांगून ठेवा.

धोटा
टेबल सुतारानं केलंय, सातरस्ता काकांच्या ठोकळ्यांवरून सुचलं. अम्माला उंची पसंत नाही, परत कापायला दिलंय. दाढ दुखूलालीय म्हणते, दातांच्या डॉक्टरकडे नेऊ का?

भुलीचा_डॉक्टर
न्या, दाढ कुजत ठेवू नका. दातांच्या डॉक्टरांना गुडघा बदललाय हे आधी सांगा, आणि जायच्या आधी सर्जनला एक फोन. अँटिबायोटिक लागेल का ते दोघं मिळून ठरवतील. शुगरचा ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा.

होटगीरोड
आज्जी वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतेय. कमोड खुर्ची भाड्यानं घेतली होती, आता विकतच घेतली. डेक्सा (हाडं किती ठिसूळ झालीत ते मोजायची तपासणी) करायला सांगितलंय. तो सोलापुरात कुठं होतो, कुणी सांगेल का?

सातरस्ता
व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवलाय. उपाशीपोटी जायची गरज नाही, पण कॅल्शियमची गोळी त्या दिवशी सकाळी देऊ नका.